चावी

शर्फूचाचाला डोंगरीच्या पोटातलं ठाऊक होतं.
वरचं नाही, वरचं सगळ्यांनाच दिसतं.
खालचं. कुठली नळी कुठल्या नळीला कुठे भेटते,
गोऱ्यांच्या काळचं बीड कुठे संपतं,
कुणीतरी रातोरात मारलेला सांधा
तीस वर्षं कुठे गुपचूप गळतो आहे.
पालिकेच्या नकाशात यातलं निम्मं नव्हतं.
नकाशा चाचाच्या डोक्यात,
आणि डोक्याला भाडं होतं.
त्या भाड्यावर आम्ही जेवलो,
दोन बहिणींचे निकाह झाले.
"हे आपलं दुकान," कपाळावर बोट ठेवून तो म्हणायचा,
"याला शटर लागत नाही. तोंड बंद ठेवलं की झालं."

मग एका जुम्याला मौलवी बोलता बोलता बोलले,
आमच्याकडे पाहूनही नाही, पंख्याकडे पाहत,
की ठाऊक असून, विचारल्यावर जो लपवतो
त्याच्या तोंडात कयामतीला आगीचा लगाम.

घरी खिमा होता. चाचाने खाल्ला नाही.
ओठांवरून हात फिरवत बसला
नवी कवळी बसवलेल्या माणसासारखा.
असरच्या सुमाराला म्हणाला,
"पालागल्लीतली हूरबी आठवते?
तीन दिवस पाणी नव्हतं तिच्या माळ्यावर.
पालिकेचा माणूस विचारायला आला.
मी म्हटलं, माहीत नाही.
दर ठरला नव्हता.
पोटुशी होती रे. चिंचबंदरहून हंडे आणायची."
पुढचं त्याने सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

त्याच रात्री तो निवडणुकीचा जुना फ्लेक्स घेऊन आला,
पांढरी पाठ वर करून जमिनीवर पसरला.
अकरा रात्री लागल्या.
निळी रेघ पिण्याची, काळी मेलेली,
लाल म्हणजे इथे खणू नका, खाली विजेची तार.
मशिदीच्या वुजूखान्यात टांगला,
उमेदवार भिंतीकडे तोंड करून हात जोडलेला.

लोक आले. मदरशातली पोरं आली.
पालिकेच्या सोनटक्के बाई चपला हातात घेऊन आल्या,
आणि तो हनीफ प्लंबर, ज्याच्याशी आमचं बोलणं नव्हतं,
त्यालाही चाचाने सळई दिली:
"रात्री दोनला जमिनीवर टेक, दुसरं टोक कानाला.
पळतं पाणी घोगरं बोलतं. गळतं पाणी सुईसारखं."
मी चिडलो. तो म्हणाला,
"माझ्या बापाला मरताना एक विहीर खणून जायचं होतं.
या शहरात विहिरीला जागा कुठे?
आपण गेल्यावरही चालू राहील असं
माझ्याकडे एवढंच आहे."

माझे फोन कमी झाले. आठवड्याला दोन, मग एक.
एका रात्री मी थिनर नेलं
आणि बेकरीखालचा सांधा पुसला.
एकच. एवढा राहू दे माझ्याकडे.
चाचाच्या डोळ्यांत तोवर दूध उतरलं होतं.
दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवरून बोटं फिरवताना
तो तिथे जरासा थांबला. की मला वाटलं.

बकरी ईदच्या आधी चाचा गेला.
बेकरीखालचा सांधा दोनदा फुटला,
दोनदा मी दोन-दोन हजार घेतले.
मग तळमजल्यावरची बुशरा, आठवीतली,
सळई हातात घेऊन जिन्यात उभी:
"भाईजान, बेकरीपाशी नकाशा पांढरा का आहे?"
मी म्हटलं, माहीत नाही.
शब्द तेच. आवाजसुद्धा त्याचाच निघाला.

तिसऱ्यांदा फोन आलाच नाही.
फजरला गेलो तर पांढऱ्या जागेत
हिरव्या स्केचपेनाने एक ठिपका,
आणि ठिपक्यापुढे प्रश्नचिन्ह.
किती रात्री कान लावून बसली असेल पोर, बेकरीच्या भट्टीशेजारी,
भाऊ टॉर्च धरून पेंगत.

ठिपका बोटभर डावीकडे हवा होता.
घरून थिनर आणलं. ठिपका सरकवला,
प्रश्नचिन्ह पुसलं,
आणि हाताचा वास जाईना म्हणून
पुन्हा वुजू केला.
नळाला पाणी होतं.